रकाना सात

पंचायत समितीच्या सभागृहात
यंदा खुर्च्या अर्धगोल लावल्यात,
म्हणजे कोणी मागे बसू नये.
तरी कापगते मागेच बसला,
खांबाच्या आड, जागा हेरून.

दोन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण.
सगळ्या खात्यांतून वेचून आणलेले,
अजून कोणाचेच साहेब न झालेले :
उपकेंद्रातल्या टेंभुर्णे सिस्टर, लाइनमन नंदेश्वर,
डेपोतला मेकॅनिक कापगते, तलाठ्याकडचा कोतवाल
(कोतवाल कोणत्या वर्गात, हे चहापर्यंत ठरलं नाही)
आणि मी, डाव्या कालव्याची मोजणीदार.

फॉर्म आला. नाव, खातं, जन्मतारीख.
रकाना सात : आपल्या हाताखाली किती माणसे?
मी शून्य लिहिलं.
जरा मोठंच निघालं,
रेघेबाहेर गेलं.

सर नागपूरचे. बूट पांढरे,
अकरा वाजेपर्यंत पांढरेच.
"सिंह व्हा," म्हणाले.
कोतवाल उठला,
"सर, इकडे सिंह नाही. वाघ हाय.
अन् तो एकटाच राहते."
सर हसले. पुढची स्लाइड.

मग डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ.
बारा वर्षं खांबावर चढणारा नंदेश्वर
उंबरठ्याशी थबकला.
"पाय उचला," सिस्टर म्हणाल्या,
जशा बाळंतिणीला म्हणतात,
वर न बघता, घाई नसल्यासारख्या.
त्यानं उचलला.
याचे गुण कोणत्या तक्त्यात भरायचे
ते सरांना सापडेना.

"आता जोडीदाराला सांगा,
तुम्ही घेतलेला एक निर्णय. पाच मिनिटं."

मी कापगतेला सांगितलं :
उन्हाळी धान, पाळी शेवटच्या गावाची,
वरच्या गावानं रात्री दरवाजा पाडलेला.
साहेब लग्नात. फोन बंद.
मी पोचले तर काठ्या घेऊन दोन्हीकडची माणसं,
मधे पाणी, आणि माझ्याकडे एक टॉर्च.
काय बोलावं सुचलं नाही.
वरच्या गावाच्या एकाला म्हटलं, टॉर्च धरा.
खालच्या गावाच्या एकाला म्हटलं,
तुम्ही पट्टी वाचा, मी लिहिते.
दर अर्ध्या तासाला. एक दहा. एक बारा.
तिसऱ्या वाचनाला काठ्यांवर टेकून
ते एकमेकांचं वाचणं तपासत होते.
चौथ्याला कोणीतरी बिडी पुढे केली.
पहाटे शेवटच्या गावातून फोन :
पाणी आलं बाई, बेंडकं लई हायेत.
आठव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस,
शासकीय पट्टी अनधिकृत इसमांकडून वाचून घेतल्याबद्दल.

कापगतेनं सगळं ऐकून एकच विचारलं,
"दरवाजाचा दांडा कोणाजवळ होता?"
"माझ्या मांडीवर."
"हं."
मग म्हणाला, "माझा असा काही निर्णय नाही बा.
एकदा फक्त बस डेपोबाहेर जाऊ दिली नाही.
ब्रेक बरोबर वाटत नव्हते.
अर्धं लग्नाचं वऱ्हाड आत बसलेलं,
शिव्या देत होतं."
"मग?"
"मग काय. मी चाकापुढं बसलो."

वेळ संपली. कोणाचंच वाचून दाखवलं नाही.
जेवणाच्या रांगेत सर माझ्यामागे.
"मॅडम, तुमचं पर्मनंट ना?"
"हो. तुमचं?"
"अकरा महिने. मग बघू."
मी पुढे होऊन वाढपिणीला म्हटलं,
यांना वरण जरा दाट घाला.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं,
त्यात माझं आडनाव लांजेवारऐवजी लांडेवार.
फोटो काढताना कापगते पुन्हा मागे,
फक्त केस दिसतात.

संध्याकाळी कालव्यावर गेले.
दोन दिवसांचं वाचन राहिलेलं,
नोंदवहीत दोन ओळी कोऱ्या.
त्या तशाच ठेवल्या, अंदाजानं भरल्या नाहीत.
पट्टीवर शेवाळ चढलेलं.
चपला काठावर काढून
आधी ते खरवडलं,
मग वाचलं.