चौदा दिवस उभी

डॉक्टर हनान म्हणाली, चौदा दिवस बसायचं नाही.
कुशीवर नको, कढत पाणी नको, चोळायचं तर मुळीच नाही,
झोपायचं ते पोटावर.
कागदावर वर अरबी, खाली इंग्रजी,
आणि सगळ्यात खाली मारिसेलनं पेनानं काढलेलं चित्र:
एक खुर्ची, तिच्यावर फुली.

अम्माला सांगितलंय, अक्कलदाढ काढली.
या महिन्यात पैसे थोडे कमी येतील.

गुदैबियातल्या या खोलीत
मी पालथी पडलेय, चाळीस वर्षांनी.
पहिल्यांदा पडले तेव्हा म्हणे घरोघर बत्तासे वाटले होते.
आता उशीत नाक, एसीची घरघर.
मारिसेल विचारते, भात ताटात देऊ की वाटीत?
वाटीत. ओट्याशी उभ्यानं जेवते,
घोड्यावर आलेल्या पाहुणीसारखी,
फक्त घोड्यावरही बसायची मनाई आहे.

खळगी डाव्या बाजूची.
आठ वर्षांची होते, ताप हटेना,
म्हसळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं
सुई टोचली, घाईत.
ताप गेला. तिथलं मांस हळूहळू आत गेलं,
आधी चिंचोका मावेल एवढं, मग लिंबू.
अम्मा हसायची: गालावर पडायची खळी, पत्ता चुकली.
मीही हसायचे.
लग्नानंतर एका माणसाचं बोट तिथं थांबलं
आणि त्यानं उठून दिवा लावला.
वाईट काही बोलला नाही तो.
दिवा मात्र बराच वेळ चालू होता.

काट्यानं काटा काढतात,
मी सुईचा खड्डा सुईनं भरला.
टेबलावरून छत दिसत नव्हतं,
म्हणून फरशा मोजल्या. एकोणीस.

कुणासाठी गं, मारिसेल विचारते.
रात्रपाळीची नर्स ती, तिला प्रत्येक गोष्टीची नोंद लागते.
मी म्हणते, तू नखं कुणासाठी रंगवतेस?
ड्यूटीवर जाताना पुसून टाकतेस तरी.

कंपनीच्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे टेकते,
तोंड मागच्या काचेकडे.
हिशोब बघणारी बाई उलटी कामावर जाते:
मागे पळणारी खजुराची झाडं, मशिदीचा मिनार,
आणि परवापर्यंत जिथं पाणी होतं
तिथं वाळूची भर घालून उभे केलेले मनोरे.
इथं समुद्रातही भर घालतात.
त्यांना कुणी विचारत नाही, कुणासाठी.

ऑफिसात कार्टनवर कार्टन, त्यावर कॉम्प्युटर.
नमाजात सजदा जमतो.
दोन सजद्यांमधलं बसणं
अल्लाकडे उधार लिहून ठेवलंय.

डाग आधी करवंदाचा, मग आठवड्यानं
केळीच्या जुन्या सालीचा.
अम्मा फोनवर: मिठाच्या गुळण्या करतेस ना?
करते.
आणि बस की जरा, उभ्या उभ्या काय बोलतेस!

रात्री हात सवयीनं तिथं जातो.
बोट ठेवायला जागा नाही.
चुकून दुसऱ्याच्या दारावर थाप मारल्यासारखा
गुपचूप परत येतो.
चेष्टेची, लाजेची का होईना,
तेहतीस वर्षांची ओळख होती.

डॉक्टर म्हणाली, दीड वर्ष टिकेल, मग विरेल.
माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे.
म्हणजे शेवटचे सहा महिने
आम्ही दोघी पुन्हा इथं एकत्र राहू.

पंधराव्या दिवशी, पहाटे,
न्हाणीत निळी बादली पालथी घातली
आणि जपून, कठड्याला धरून, टेकले.
दोन्ही बाजू एकदम टेकल्या.
सुख वगैरे काही वाटलं नाही,
जरा उंच झाल्यासारखं वाटलं,
कुणीतरी खाली घडी घातलेला कागद सरकवावा
आणि डुगडुगणारं टेबल गप्प व्हावं तसं.

फोन वाजला.
सूज बसली का गं?
बसली, मी सांगितलं.
मीपण बसलेय.