अनुपान

डॉक्टर मिनचेव्हनी अर्धी गोळी लिहून दिली,
रात्री जेवल्यावर, पाण्याबरोबर.
अर्धीच का, मी विचारलं.
म्हणाले, बोरील, उरलेली अर्धी झोप तुझी तू आण.

लोमच्या बंदरात एकतीस वर्षं
क्रेनच्या केबिनमध्ये बसून
डॅन्यूबवरच्या मालबोटी रिकाम्या केल्या मी:
कोळसा, गहू, एकदा नुसतं मीठ.
तेव्हा झोप मागे लागलेली असायची,
वसुलीला आलेल्या माणसासारखी.
आता पहाटे तीनला मीच तिची वाट बघतो,
आणि वरच्या मजल्यावरचा फ्रिज
थरथरून बंद होतो तेही ऐकू येतं.

विओलेताच्या बाजूची चादर
अकरा महिने तशीच ताणलेली.
मी पलंगाच्या कडेला निजतो,
बसमध्ये शेजारी कुणी यायचं असल्यासारखा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेन्का आली,
तळमजल्यावरची. बसली नाही.
लिपा फुलली, म्हणाली. चार दिवस आहेत.
माझे गुडघे गेले, तुझे हात आहेत. शिडी घे.

शाळेमागे आठ झाडं.
रस्त्याकडची नकोत, धूर बसतो त्यांवर,
आतल्या अंगाची घे, ती खालून ओरडत होती.
फूल एकटं खुडू नकोस,
ते फिकं पान आहे ना, जिभेसारखं, त्याच्यासकट.
दव वाळल्यावर, ऊन तापायच्या आत,
आणि मधमाश्यांना विचारून.
इतकं पथ्य गोळीलाही नव्हतं.

मी चढलो. किती वर्षांनी वर.
फांदीत डोकं खुपसलं आणि तो वास
कानांपर्यंत भरला.
विओलेता आठवली म्हणावं, तर तसं नाही.
भूक लागली.
सकाळी साडेनऊला, शिडीवर,
पाव आणि मिठाची.

तीन पिशव्या भरल्या.
उन्हात नाही वाळवायची; सावलीत,
वाऱ्यावर, एकावर एक न टाकता.
सावली माझ्या घरात पुष्कळ आहे,
सपाट जागा एकच.
पलंगावर वर्तमानपत्रं पसरली:
निवडणूक, पुराचा इशारा,
काळ्या चौकटीतले अनोळखी चेहरे.
आधी माझ्या बाजूला.
मग, पिशवी संपेना तेव्हा, तिच्याही.

झोपायला जागा उरली नाही.

बाल्कनीत, मिरच्यांच्या कुंड्यांना सरकवून
घडीची खाट लावली.
अर्धी गोळी घेतली. नदीवरून गार वारा.
एक बोट गेली, दिवा पुढे, आवाज मागून.
एवढंच आठवतं.
जागा झालो तेव्हा कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

लिपेचा गुण, पेन्का म्हणाली.
म्हटलं, अगं, चहा अजून केलाच नाही,
फुलं ओली आहेत.
मग वासाचा गुण. ती हार मानत नाही.
तिच्या भाच्याचा म्हणे लिपेनं खोकला गेला,
आणि बायको परत आली.
पण गोळी सोडू नकोस हं,
हेही तीच सांगते, बोट रोखून.
तिनं सोडली होती एका हिवाळ्यात, रक्तदाबाची,
नुसत्या चहाच्या भरवशावर;
ओठाचा डावा कोपरा
अजून बाकीच्या हसण्यामागून येतो.

सहाव्या दिवशी फुलं कुरकुरीत वाजली.
कागदी पिशव्यांत भरली, प्लास्टिक नको होतं.
खाली चादरीवर पिवळी भुकटी उरली,
माझ्या बाजूला, तिच्या बाजूला, सारखीच.
बराच वेळ बघत उभा होतो.
मग चारी टोकं गोळा केली
आणि खिडकीतून झटकली.

भुकटी खाली गेली ती थेट पेन्काच्या केसांत.
तिनं वर बघितलं. रागावली नाही.
पुदिना आलाय, ओरडली,
पलंग रिकामा आहे का?

अर्धा, मी म्हटलं.