फ्यूज

बँड सोडताना मी तीन कारणं सांगितली,
तिघांना तीन.

झेफेरीनला म्हटलं, मुलगी दहावीला आहे, पात्रांव.
त्यानं सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यातून काढला,
म्हणाला, दहावी मार्चात संपते.
मी म्हटलं, हो.
लग्नं तर एप्रिलात सुरू होतात.
मी परत म्हटलं, हो.

शैलाला सांगितलं, ओठ थकले.
हे तिला पटलं. एकवीस वर्षं पाहिलाय तिनं
वरच्या ओठावरचा तो वळ,
आणि पहाटे दोनला, शेजारी उठू नयेत म्हणून
स्कूटर ढकलत अंगणात आणणारा माणूस,
कोटाला दुसऱ्यांच्या लग्नाचा वास,
खिशात कागदी रुमालात केकचा तुकडा
झोपलेल्या मुलीसाठी.
सकाळी त्याला मुंग्या.

मेस्त कायतानना सांगितलं,
आता सगळं कीबोर्डातून निघतं, ट्रम्पेट कोणाला हवा?
मेस्तना ऐकू येत नाही हल्ली.
ते म्हणाले, बरं, बरं,
पण स्केल रोज वाजव.

खरं कारण राय सेक्शनच्या एका खांबावर आहे.
आदल्या रात्री वार्क्याला लग्न, तीन तासांची झोप,
बोरीचा पूल कधी ओलांडला आठवत नाही.
लाइन मेली आहे की जिवंत हे न तपासता
हात जंपरकडे निघाला होता.
खालून दत्तूनं आईवरून शिवी हासडली.
हात वीतभर अलीकडे थांबला.
उजवा हात.
दिवसभर त्याची तीन बोटं
मांडीवर पिस्टन दाबत राहिली आपोआप.
कुठलं गाणं, ते मला ओळखता आलं नाही.

हे कोणालाच सांगितलं नाही.

आता साडेनऊला जेवतो.
बांगडा गरमही असतो, हे नव्यानं कळलं.
मुलगी भूमिती विचारते, मला येत नाही,
दोघं मिळून वर्तुळाकडे बघत बसतो.
रविवारी ओहोटीला मानशीवर जातो,
खाजनाकडे तोंड करून वाजवतो अर्धा तास.
मानशीचा राखणदार विचारतो, लग्न कोणाचं?
आणि उत्तराची वाट न बघता झिंग्यांची जाळी उचलतो.
ओठ मऊ पडलेत. वरचा स्वर फाटतो.
फाटू दे, म्हणतो मी. लगेच पुन्हा घेतो.

ट्रान्सफॉर्मर मात्र सोलवरच असतो,
जरासा चढा.
अठरा वर्षं हे दत्तूला सांगतोय.
दत्तूला तो फक्त आवाज वाटतो.

परवा लोटलीहून फोन आला, रात्री पावणेदहाला.
हॉल काळोखात, जनरेटर बंद, वरमाय रडतेय.
माडाचं झावळ पडून तार तुटलेली.
या वेळी दोनदा तपासलं, अर्थिंग लावलं, मग चढलो.
आणि वर पोचलो तोच
आतून बँड सुरू झाला.

कीबोर्ड मेलेला, माइक मेलेला.
मिंगेलचा ड्रम, झेफेरीनचा सॅक्सोफोन
आणि कोणीतरी पोरगा, माझ्या जागेवर.
माझ्यापेक्षा बरा आहे.
श्वास चुकीच्या जागी घेतो, पण बरा आहे.
काळोखात लोक नाचत होते, नुसते पाय ऐकू येत होते.

तार जोडून उतरलो.
दत्तू पेटीपाशी फ्यूज धरून उभा,
मी हात वर केला की बसवायचा.
मी हात वर केला नाही.
पोरगा शेवटच्या कडव्याकडे वळत होता,
तिथे एक लांब स्वर आहे, तो मला कधीच पुरला नाही,
दम अर्ध्यावर संपायचा आणि झेफेरीन सांभाळून घ्यायचा.

पोरानं तो शेवटपर्यंत नेला.

मग हात वर केला.
दिवे आले. आत आरडाओरडा, शिट्ट्या,
दिवे आल्यावर होतात तशा.

किदें जालें रे, इतका वेळ? दत्तूनं विचारलं.
कनेक्टर गंजला होता, मी म्हटलं.
हे चौथं.

घरी जेवण झाकून ठेवलेलं होतं.
निवलेलं.
शैला जागी होती, तिनं कोटाचा वास घ्यायला मान वळवली
आणि मग तिला आठवलं.