सत्यप्रत

दर शनिवारी दुकानातला बिघडलेला कागद
पोत्यात भरतो आणि पंचफुलामामीकडे नेतो.
दारव्ह्याच्या तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान, कागद काही कमी बिघडत नाही.
तिरपे निघालेले सातबारे,
अर्धे जातीचे दाखले,
लग्नाच्या बायोडेटावरचा एक पोरगा, सगळा काळा,
नुसते दात उरलेले.
"हा कोनाचा दात हाय बाप्पा?" मामी विचारते,
आणि त्याला पिंपात बुडवते.

तीन रात्री भिजतो.
चौथ्या दिवशी ना गट नंबर, ना आडनाव,
राखाडी पेज, हाताला गार.
मग त्यात मेथी, पाट्यावर वाटलेली.
मिक्सरची मेथी चिकटते पण धरत नाही, असं ती म्हणते.
चिकटणं आणि धरणं यातला फरक
मला अजून समजायचा आहे.

गावातल्या बाया लगद्याच्या टोपल्या करतात.
पालथी घागर, तिच्यावर थर, दोन दिवस ऊन,
टिचकी मारली की सुटते.
मामीनंही आजवर टोपल्याच केल्या,
गहू ठेवायच्या, कुरड्या ठेवायच्या, एक नुसती बटणांची.
यंदा चैतात घागर फुटली.
नवी आणायची सोडून ती पऱ्हाटीच्या काड्या बांधत बसली.
चार पाय उभे राहिले तेव्हा मी विचारलं, हे काय?
"मले काय मालूम. उभं तं राहू दे."

पाठ उतरती झाली. मान लांबली.
अंगाला कपड्यांची नीळ,
गळ्यापाशी कोऱ्या कागदाचा पांढरा डाग,
पायांत पांढरे वळे, हनुवटीखाली तागाची दाढी.
रोही!
वासराएवढा, पण नजर पुऱ्या वयाची.
यंत्राची शाई काही पाण्यात विरत नाही,
त्याच्या पुठ्ठ्यावर उलटा शिक्का उमटला होता: सत्यप्रत.

कवडूमामा ओट्यावरून बोलला,
"लोकं बुजगावनं करतात रोही पळून जावा म्हनून.
हिनं रोहीच केला.
आता सारे पाहुने येतीन."

वाळायला ठेवला कुपाच्या पल्याड, पडीत वावरात.
रात्री कुत्री भुंकली, मग गप्प झाली.
सकाळी पाहतो तर
डावा कान गेलेला, दाढी गेलेली,
गळ्याचा पांढरा डाग चाटून चाटून
काचेसारखा गुळगुळीत.
भोवती खुरांच्या खुणा, ताज्या लेंड्या.
मेथीच ना शेवटी.

मला वाटलं आता मामी शिव्या घालील.
ती वाकली. तुटल्या कानाच्या कडेवरून
बोट फिरवत राहिली बराच वेळ,
घागरीचा काठ तपासावा तशी.
"हा कोनाचा दात हाय बाप्पा,"
म्हणाली, पण विचारलं नाही.
मग उठून पाट्यापाशी गेली
आणि यावेळी मेथी दुप्पट भिजवली.
मामानं कपाळाला हात लावला.

सोमवारी दुकानात एक म्हातारा आला,
हयातीच्या दाखल्याची प्रत पाहिजे म्हणाला.
मी कागद काचेवर ठेवला,
उलटा.
एक कोरं पान बाहेर आलं, गरम.
"चुकलं वाटते," तो म्हणाला.
"हो," म्हटलं, "याचे पैसे नाही घेत,"
आणि ते पान घडी न पाडता
पोत्यात सगळ्यात वर ठेवलं.