शंभर मीटर

नेरूळला सिडकोच्या दोन खोल्या, ओल धरलेली भिंत,
तिला टेकवलेला टीव्ही,
आणि त्यात एक धावपटू,
सगळा मिळून वीसेक चौकोन.
त्याला नाक नव्हतं. घाम तर नाहीच.

दोन बटणं आलटून पालटून जितकी भरभर दाबाल
तितका तो पळायचा.
माझे अंगठे सोलले. हरेशने फुटपट्टी घासून पाहिली.
चौदा सेकंदांच्या खाली कुणी येईना.

आई कोलंबी सोलत होती.
म्हणाली, आण इकडे.
पदराला हात पुसले, अर्धवटच,
रिमोट मांडीवर आडवा घेतला
आणि दोन बोटांनी असं काही चालवलं
की तो चौकोनी माणूस पडद्याबाहेर निघून गेला.

नऊ पूर्णांक काहीतरी.

नावाला तीन अक्षरांची जागा.
तिने बी, के, एम शोधून शोधून भरली.
हे कोण? आपण तर ठाकूर.
"करावे शाळा, सातवी. खाडीच्या बांधावर पळायचो.
बूट कुणाकडं होते?"
पुढे काही नाही. पुन्हा कोलंबी.

रात्री बाबांनी बटण बंद केलं.
सकाळी यादीत
यंत्राचीच नावं, ओळीने.

रिमोटला मात्र
आठवडाभर वास येत राहिला.