खाल्ल्या घरचे वासे

मुहर्रकच्या गल्लीत, मोत्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात
मी वासे मोजतो.
पगार त्याच घराच्या खात्यातून.
देवरुखला आईच्या कानावर गेलं तर म्हणेल,
खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, मेल्या,
आणि वर दिनारही घेतोस?

हो, आई. खोली चौथी : चंदल एकवीस,
पैकी सहा वाळवीचे.
चंदल म्हणजे खारफुटीचा सोट,
आफ्रिकेच्या खाडीतून गलबतात घालून आणलेला.
सोट जेवढा लांब तेवढीच खोली रुंद.
कुणी कुठे निजायचं, पाहुण्याने किती लांब बसायचं,
हे चिखलात उभ्या एका झाडाने
आधीच ठरवून टाकलेलं.

पाचव्या खोलीत मात्र मधोमध एक जाड सागवानी तुळई,
आणि नकाशात तिच्या अंगावर
बारीक इंग्रजी अक्षरांत : समर.
मी यादीत मुकाट्याने लिहिलं,
उन्हाळा, अठरा फुटी, नग एक.

दाऊद परकार मिस्त्री दाभोळचे. एवढे हसले
की चहा बशीतून विजारीवर.
एकच नग? अरे, इथं गोदामं भरलीत उन्हाळ्याची,
पाहिजे तेवढा उचल.

बारा ते चार उन्हात काम बंद, सरकारी हुकूम.
तेव्हा पेनगेलीबाई, वास्तुकार, नकाशा त्यांचाच,
जिन्याखालच्या सावलीत बसून सांगू लागल्या :
हा तो समर नव्हे. हा ऋतूच नव्हे.
हे फ्रान्सातलं ओझ्याचं घोडं.
त्याच्याही मागे लॅटिन, तिच्याही मागे ग्रीक,
आणि तिथे तळाशी नुसतं
एक खोगीर.
नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात उतरलं,
आणि सगळ्या वाशांची टोकं जिच्या पाठीवर टेकतात
त्या तुळईला सुतारांनी जनावराचं नाव दिलं.
पुढे घोडं विसरलं.
मग लोखंड आलं, तुळईही गेली.
शब्द राहिला, तबेला पाडल्यावर
भिंतीत लगामाची खुंटी राहते तसा.
आता जो वाचतो त्याला आधी ऊनच लागतं.

मिस्त्रींनी करवतीच्या घोडीवर थाप मारली.
आमचीही आहे की. दाणा मागत नाही.

मी मनात तुळई उलटी सोलत गेलो :
तुळई, तुळा, तुला. तराजूची दांडी.
आमच्या कुणा पूर्वजाने छताकडे पाहिलं
आणि त्याला वजनमाप दिसलं.
वाणी असणार.
त्यांच्याला दिसली पाठ.
आणि इथले अरब ज्याला साज म्हणतात
तो आपलाच साग,
समुद्रावर कुठेतरी ग सांडलेला.
परकारांचाही प सांडला. अरबीत प नाही.
ओळखपत्रावर एकतीस वर्षं ते बरकार आहेत.
सुरुवातीला दुरुस्तीचा अर्ज केला होता, म्हणाले.
मग दोन बहिणींची लग्नं, मग दाभोळला स्लॅब,
मग कोण जातंय रांगेत.

चार वाजता टेकू लावले, जॅक चढवला.
कुरकुरत वासे सुटले,
आणि शंभरेक वर्षांनी त्या तुळईची वरची बाजू
उजेडात आली.
तिच्यावर आडवे दोन वळ,
गुळगुळीत, बोटभर खोल.
गलबताच्या फळीला बांधून आणताना
काथ्याने काचलं असावं, बाई म्हणाल्या.
असावं.
दाऊदमिस्त्री काही बोलले नाहीत.
हात ठेवला त्या जागेवर, आणि बराच वेळ ठेवला,
गाडी सोडल्यावर बैलाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

क्रेनवाला साखळी टाकायला आला तेव्हा ओरडले,
थांब. आधी खाली गोणपाट घाल.
लागेल तिला.

क्रेनवाला माझ्याकडे बघत राहिला.
मी वही उघडली,
उन्हाळा खोडला,
आणि त्याखाली लिहिलं,
गोणपाट, नग दोन.