रकाना क्रमांक अकरा

शिरोलीच्या फाउंड्रीत मी हिशेब बघते.
बावीस वर्षं रकाने तेच:
कोक, पिग आयर्न, भंगार, चुनखडी, वाळू, हमाली.
धूर कधीच कुठल्या रकान्यात नव्हता.
तो फुकट वर जायचा
आणि फुकट खाली उतरायचा,
पत्र्यावर, कुंपणापलीकडच्या उसावर,
माझ्या डब्याच्या झाकणावर.

उसाच्या मालकानं तीन अर्ज दिले होते.
ते माझ्याच कपाटात आहेत,
पंच केलेले, तारीखवार.

मग जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा तक्ता आला.
रकाना क्रमांक अकरा:
एक टन कास्टिंगमागे किती कार्बन?
आणि खाली, बारीक अक्षरात,
त्या कार्बनचे किती युरो.

जिनगोंडाअण्णांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
क्युपोलावरून दस्तगीरचाचांना बोलावलं.
भोकातला उजेड बघून
लोखंड झालं का ते सांगणारा माणूस,
भुवया कधीच्याच जळालेल्या.
"चाचा, एका वितळीला धूर किती निघतो?"
"धूर कोण मोजतंय, मालक?
आन् मोजला म्हणून त्यो थांबतोय व्हय?"

थांबला.
खोटं कशाला सांगू, थांबला.
सात महिन्यांत इंडक्शन भट्टी उभी राहिली,
छपरावर सौर पॅनेल,
बँकेचा माणूस दोनदा जेवून गेला.
अण्णा काही एकाएकी पुण्यवान झाले नाहीत.
टनामागचा आकडा त्यांनी पाठ केला होता,
फोन नंबरासारखा.
आता झाकणावर बोट फिरवलं
तर बोट स्वच्छ.

पण बेरीज दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय
मला वही मिटवत नाही.
रात्रपाळीची वीज
कुठल्यातरी लांबच्या कोळशाचीच.
आणि क्युपोला काही भंगारात गेला नाही.
बिल मीच केलंय:
खरेदीदार कागलकडचा, धंद्यात नवा,
गटारांची झाकणं ओततो,
माल इथल्या इथंच खपतो.
त्याच्या तक्त्यात रकाने दहाच.

चाचाही तिकडंच गेले.
नव्या भट्टीला बटणं आहेत, भोक नाही.
परवा स्टँडवर भेटले,
हसून म्हणाले, "तिकडं अजून फुकटच हाय, मॅडम."
मग खिशातून चौघडी कागद काढला.
"शेडवर एकजण देऊन गेला. मालकानं बघितलाबी न्हाई.
मला कुठं वाचाय येतंय. तुमीच बघा."

अर्ज होता.
उसाची पानं, काळी पडलेली.
विहिरीचा उल्लेख नवा,
बाकी शब्द ओळखीचे.

ऑफिसात आल्यावर
पंचमशीन हातात घेतलं
आणि परत ठेवलं.
कागद अजून पर्समध्येच आहे,
वाणसामानाच्या यादीला लागून.